हळ्ळीखेडचा होकार

माझ्या सिस्टीममध्ये एकही तारीख हरवत नाही! छाती ठोकून सांगतो, कारण आमच्या शेठजींच्या बीदर, भालकी आणि हळ्ळीखेडच्या मंगल कार्यालयांचे कॉम्प्युटर मीच एकमेकांना जोडलेत. तारीख तिन्हीकडे लिहिली गेली, तिघांनीही ‘पोचली’ म्हटलं, तरच पक्की. तोवर पावती नाही! मागच्या वर्षी आमच्या एकाच मांडवात दोन नवरदेव उतरले, त्यानंतर मी हे बसवलं; तेव्हापासून शेठजी माझ्यावर खूश आहेत.

खंडेनवमीला बीदरला स्वतःच्याच लग्नाची तारीख टाकायला बसलो. या हिवाळ्यातला शेवटचा रिकामा मुहूर्त! शेजारी होणारे सासरे रेवणसिद्धप्पा. मागे रांगेत महेशकुमार, त्यालाही तीच तारीख हवी.

“बघा मामा, एका टिचकीत!”

पडद्यावर चाक फिरू लागलं. फिरतच राहिलं.

“जावयबापू, हे काय फिरायलंय?”

“भालकीनं लिहून घेतलं मामा. हळ्ळीखेडचा होकार येईना.”

तिथलं कार्यालय सिद्धव्वा सांभाळते. तिला स्पीकरवर फोन लावला.

“अक्का, कॉम्प्युटर कामून बंद हाय?”

“आज खंडेनवमी न्हाई का अण्णा! पुसून, इभूत लावून, हार घालून ठेवलाय. आज हत्यार चालवायचं नसतं.”

“अवं, ते हत्यार न्हाई!”

“तुमचं पोट त्याच्यावरच चालतंय की! उद्या लावते.”

“बाई बरोबर बोलायलीय,” सासरे म्हणाले. “तुमचं कामून चालू हाय?”

उद्या म्हणजे पुन्हा नवी रांग! मी काय कच्चा आहे? होकाराच्या यादीतून हळ्ळीखेडलाच काढून टाकलं. चाक थांबलं. पक्कं!

“बघितलंत मामा? अडवतंय त्याला वगळायचं, काम पुढं!”

सासऱ्यांनी आनंदानं घरी फोन करून सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे भाग्यलक्ष्मी, माझी होणारी बायको.

“हळ्ळीखेडला वगळून तारीख घेतलाव म्हणं?”

“व्हय! कशी वाटली आयडिया?”

“आन मलाबी वगळलाव! त्या दिवशी माझा बी.एड.चा पेपर हाय. कुणी इचारलं का मला?”

मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पंख्याकडे पाहू लागले.

तारीख रद्द केली. तेही झटक्यात झालं, सिस्टीम माझीच ना! महेशकुमार लगेच पुढे सरकला आणि माझ्याच हातून पावती घेऊन गेला. जाता जाता म्हणाला,

“अण्णा, लग्नाला नक्की या. त्या दिवशी आता तुम्ही रिकामेच हाव!”