अवशेष सामान्य आहेत

प्राचीन मृत्तिकापात्र तुलना कक्षात एकूण चार खुर्च्या, तीन टेबलं, सहा कपाटं, अठ्ठेचाळीस फुटकी खापरं आणि एक बाई होती. पैकी खुर्च्या, टेबलं, कपाटं आणि खापरं कायम होती. बाई तात्पुरती होती. तिचा नेमणुकीचा आदेश दर सहा महिन्यांनी नव्याने निघे, मध्ये एक दिवसाचा खंड पडे, आणि त्या एका दिवशी ती कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. असं नऊ वर्षं चाललं होतं. सदा आकड्यांत डोकं घालून बसायची म्हणून सगळे तिला आकडेबाई म्हणत. ती कधी चिडली नाही. निदान हे नाव तरी दर सहा महिन्यांनी संपत नव्हतं.

कक्षाकडे काम एकच होतं. गावातून वाहणाऱ्या नदीच्या दोन्ही काठांवर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुंभारांच्या भट्ट्या सापडल्या होत्या. उगवतीच्या काठावरची भांडी आणि मावळतीच्या काठावरची भांडी एकमेकांपासून वेगळी आहेत का, हे शास्त्रीय पद्धतीने शोधायचं होतं. वेगळी आहेत, हे अर्थातच आधीच ठरलं होतं. प्रत्येक काठाला आपापलं संग्रहालय मंजूर झालं होतं, दोन्ही इमारती बांधून रंगवून तयार होत्या, आणि दारावर फीत बांधायची तेवढी राहिली होती. शास्त्रीय आधाराशिवाय इमारत उभी राहू शकते, हे त्या दोन्ही इमारतींनी दाखवून दिलं होतं. तरीही एक लेखी आधार फायलीत असलेला बरा, असं संचालकांचं मत पडलं.

"बाई, फरक सिद्ध करा," संचालक म्हणाले. "तुम्हाला कायम करण्याची फाईल माझ्याच टेबलावर आहे. दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सही करून टाकू."

आकडेबाई कामाला लागली. प्रत्येक खापराचा कपचा काढून, त्याची पूड करून प्रयोगशाळेत पाठवली. ॲल्युमिनियम किती, लोह किती, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम किती, असे पाच आकडे दर खापरामागे आले. हे आकडे एकेकटे तपासून भागत नाही. चहा कोणी केला हे ओळखायला कोणी साखर वेगळी, दूध वेगळं आणि पत्ती वेगळी चाखत नाही. घोट एकत्रच घ्यावा लागतो. पाचही घटकांचा असा एकत्र घोट घेण्याची गणितात एक रीत आहे. तिला बहुचल प्रचरण विश्लेषण म्हणतात.

टंकलेखकाने मंजुरीच्या प्रस्तावात ते 'बहुचल आचरण विश्लेषण' असं टंकलं. त्यामुळे प्रस्ताव सरळ शिस्त शाखेत गेला आणि तीन आठवड्यांनी शेरा घेऊन परत आला: 'सदर कर्मचाऱ्याचे आचरण बहुचल असल्याचे दिसते. नजर ठेवावी.' तेव्हापासून शिस्त शाखेतला एक माणूस रोज अकराच्या सुमारास दारातून डोकावून जाऊ लागला.

निष्कर्ष आला तेव्हा आकडेबाईने तो तीनदा पडताळला. खोटं कशाला बोलायचं, तिलाही फरक हवाच होता. नऊ वर्षं दर सहा महिन्यांनी एक दिवस नाहीसं होऊन ती कंटाळली होती. पण आकडे काही केल्या बधेनात. दोन काठांच्या भांड्यांत जो थोडासा फरक दिसत होता, तेवढा निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात बासष्ट होती. सरळ भाषेत सांगायचं तर फरक नव्हता.

घरी तिचे वडील चाकावर बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं मडकी घडवली होती आणि अजून घडवत होते. तिने निष्कर्ष सांगितला, तेव्हा त्यांनी चाकावरून मान वर केली नाही.

"फरक असेल कसा? माती नदीची. नदी काय काठ बघून माती वाटते?"

"बाबा, असं नुसतं म्हणून चालत नाही. सिद्ध करावं लागतं."

"मग झालं ना सिद्ध?"

"झालं ना. तिथेच तर घोडं अडलंय."

अहवाल अधीक्षकांकडे गेला. अधीक्षकांची ख्याती अशी, की लाल शाईचा शेरा मारल्याशिवाय त्यांनी आजवर एकही कागद पुढे जाऊ दिला नव्हता. एकदा त्यांनी कोऱ्या कागदावर 'पाहिले, पण काही दिसले नाही' असं लिहून सही केली होती. त्यांनी आकडेबाईला बोलावलं.

"हे काय लिहिलंय? 'शून्य परिकल्पना गृहीत धरली.' बाई, कक्षाला कल्पना नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण असं लेखी द्यायचं असतं का?"

"साहेब, फरक नाही असं आधी धरून चालायचं असतं. त्याला शून्य परिकल्पना म्हणतात."

"आणि इथे 'स्वातंत्र्याचे अंश बेचाळीस' लिहिलेत. हंगामी कर्मचाऱ्याला बेचाळीस अंश? कोणाच्या मंजुरीने घेतलेत?"

"ते सूत्रातून येतात, साहेब."

"सूत्रांचं नाव सांगा," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी तसं समासात लिहून ठेवलं.

पण त्यांची लाल शाई खऱ्या अर्थाने सांडली ती नवव्या पानावर. तिथे लिहिलं होतं: 'अवशेष सामान्य आहेत.' ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि अहवाल घेऊन ते जिना चढून थेट संचालकांकडे गेले. ते जिना चढले, ही गोष्ट कार्यालयात बरेच दिवस बोलली जात होती.

संध्याकाळपर्यंत बातमी नदीच्या दोन्ही काठांवर पोचली. अडीच हजार वर्षांच्या अवशेषांना एक तात्पुरती बाई सामान्य म्हणते! फरक नाही, हा निष्कर्ष अहवालाच्या शेवटच्या पानावर होता आणि तिथवर कोणी पोचलंच नाही. नवव्या पानावरच दोन्ही काठांच्या भावना दुखावल्या. दुसऱ्या दिवशी अवशेष सन्मान समिती नेमण्यात आली. तिच्यात उगवतीचे दोन सदस्य, मावळतीचे दोन आणि पुलाजवळ राहणारे एक अध्यक्ष होते.

"माझं म्हणणं जरा ऐकून घ्या," आकडेबाई समितीपुढे म्हणाली. "हे अवशेष म्हणजे खापरं नव्हेत. आकड्यांतल्या फरकाचा गणिताला जेवढा उलगडा करता येतो तेवढा झाल्यावर जे उरतं, त्याला आम्ही अवशेष म्हणतो. आणि सामान्य म्हणजे क्षुल्लक नव्हे. सामान्य म्हणजे नेहमीच्या वळणाचे, जसे असायला हवेत तसे."

"म्हणजे सगळा उलगडा करूनही तुमच्याकडे काहीतरी उरलंय," अध्यक्ष म्हणाले.

"थोडं उरतंच."

"मग ते उरलेलं जमा का केलं नाहीत?"

समितीच्या दोन बैठका झाल्या. उगवतीच्या आणि मावळतीच्या सदस्यांचं आजवर पाण्यापासून पुलाच्या रंगापर्यंत कशावरही एकमत झालं नव्हतं, ते इतिहासात प्रथमच झालं. आपले अवशेष सामान्य नाहीत, यावर दोघांचंही दुमत नव्हतं. सर्व अवशेष असामान्य असल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

"पण साहेब," आकडेबाई अगदी रडकुंडीला आली होती, "अवशेष असामान्य ठरले तर ही चाचणीच लागू पडत नाही!"

अध्यक्षांचा चेहरा खुलला. "लागू पडत नाही ना? उत्तम. चाचणी लागू नाही, म्हणजे निष्कर्ष लागू नाही. निष्कर्ष लागू नाही, म्हणजे फरक नाही असं म्हणता येत नाही. म्हणजेच फरक आहे. लिहून घ्या."

संचालकांना मात्र एवढ्याने समाधान नव्हतं. त्यांना आकडा हवा होता. कोनशिलेवर 'म्हणजेच आहे' असं कोरता येत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

"बाई, तुमची ही रीत बहुचल आहे ना? एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र घेता येतात?"

"हो, साहेब."

"किती घेता येतात?"

"पुष्कळ घेता येतात."

"मग पाचच का घेतल्यात? एवढी काटकसर कशासाठी? अजून घाला."

"आता काय घालू, साहेब?" आकडेबाईचा तोल सुटला. "आता काय कपाटाचा नंबर घालू?"

उगवतीची खापरं एक ते तीन क्रमांकांच्या कपाटांत होती आणि मावळतीची चार ते सहामध्ये.

"घाला," संचालक गंभीरपणे म्हणाले.

तिने घातला. घालू नये हे तिला कळत होतं, आणि कळत असूनही तिने तो घातला, कारण त्या आठवड्यात तिचा नाहीसं होण्याचा दिवस जवळ आला होता. गणिताने काहीही कुरकुर केली नाही. ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम आणि कपाट क्रमांक अशा सहा घटकांचा एकत्र विचार करता दोन्ही काठांच्या भांड्यांत प्रचंड फरक निघाला. तो योगायोगाने दिसण्याची शक्यता लाखात एकही नव्हती. अहवालात एक अक्षर खोटं नव्हतं. कपाट क्रमांकाचा उल्लेख सविस्तर केला होता आणि तो 'साठवणसंबद्ध घटक' या भारदस्त नावाने केला होता. ते नाव अधीक्षकांनी सुचवलं. हयातीत त्यांनी शेरा न मारता पुढे पाठवलेला तेवढा एकच कागद.

ठरल्याप्रमाणे दोन्ही कागदांवर एकाच दिवशी सही झाली. आकडेबाई कायम झाली. आदेश हातात पडला तेव्हा तिला अतोनात आनंद झाला. आनंद झाला याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही आनंद कमी होईना, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

संग्रहालयं उघडली. फरक पाहायला लोक लोटले आणि तो त्यांना पहिल्याच नजरेत दिसला. उगवतीची माणसं आपल्या खापरांची नजाकत बघून गहिवरत, मग पूल ओलांडून पलीकडच्या खापरांचा ओबडधोबडपणा डोळे भरून बघून येत. मावळतीची माणसं हेच उलट्या दिशेने करत. मधल्या काळात भांडारपालाने आकडेबाईच्या कानात सांगितलं, की खापरं हलवताना बऱ्याचशा चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, आणि त्याने अंदाजपंचे निम्मी इकडे, निम्मी तिकडे मांडली होती. "पण कोणाची तक्रार नाही," तो म्हणाला. "म्हणजे बरोबरच लागली असणार."

कायम झालेल्या बाईकडे कायमचं काम दिलं गेलं. प्रेक्षकांच्या अभिप्राय वह्या वाचायच्या आणि ज्यांना उत्तर द्यायला हवं त्यांना द्यायचं. पहिल्या महिन्यात अकराशे अभिप्राय आले. सगळ्यांना फरक दिसला होता. कित्येकांना तो लहानपणापासूनच माहीत होता. फक्त एका पानावर लिहिलं होतं: 'दोन्हीकडची भांडी हातभर अंतरावरून पाहिली. माती एकच आहे. घडवणाऱ्याचं वळणही एकच आहे. – एक कुंभार.' खाली पूर्ण पत्ता होता, फक्त काठ लिहिला नव्हता. पेन इतकं दाबून चालवलं होतं, की अक्षरं पुढच्या चार पानांवर उमटली होती. असं दाबून लिहिणारा माणूस आकडेबाईला एकच माहीत होता. तिने ते पान फाडायचा विचार केला, पण पानांना क्रमांक होते.

अधीक्षकांनी समासात लाल शाईने लिहिलं: 'अभिप्रायकर्ता कोणत्या काठचा? माहिती मागवावी.'

तिने माहिती मागवली. पत्र शनिवारी घरी पोचलं. बाबांचे हात मातीने भरले होते, म्हणून त्यांनी ते तिच्याच पुढे धरलं.

"वाच बरं."

तिने वाचलं. "महोदय, आपला अभिप्राय मिळाला. आपण कोणत्या काठचे आहात, हे उलट टपाली कळवावे, म्हणजे आपल्या म्हणण्यात तथ्य आहे किंवा कसे हे ठरवता येईल."

"झकास लिहिलंय. सही कुणाची आहे?"

"माझी."

"हो का? कायम झाल्यापासून सही सुधारलीय हं तुझी." बाबांनी चाक थांबवलं. "आता मी काय लिहायचं ते सांग."

"नुसता काठ लिहा, बाबा. बाकी काही नको."

"आणि माती एकच आहे, त्याचं काय?"

आकडेबाईने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज कायम नोकरीतल्या माणसाचा होता.

"ते तुमच्या काठावर अवलंबून आहे."

बाबांनी उत्तर पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं ते फायलीत आहे. ते नक्की कोणत्या काठचे, हे विचारायचं एव्हाना आपल्याही ओठांवर आलं असेल, वाचकहो. त्याशिवाय त्यांचं म्हणणं खरं मानायचं की नाही, हे आपण तरी कसं ठरवणार? संकोच करू नका. अशी विचारणा करणाऱ्यांची संख्या पाहून कक्षाने स्वतंत्र अर्ज छापून घेतला आहे. पहिल्या रकान्यात आधी स्वतःचा काठ लिहायचा आहे. तो रकाना आजवर एकाही अर्जदाराने कोरा सोडलेला नाही.