एका मताचं श्रीखंड

त्या सकाळी चारुदत्तने हातमोजा काढला नसता, तर पुढचं रामायण झालंच नसतं.

शहाऐंशी सालचा मार्च. शॉमबर्गच्या स्टेशनवर तो शिकागोच्या गाडीची वाट बघत उभा होता. पायाखाली बर्फाचा चिखल, नाकाला धार. तेवढ्यात लाल कोटातली एक बाई लगबगीने पुढे आली आणि तिने सरळ हात पुढे केला. गोऱ्या बाईने आपणहून चारुदत्तचा हात धरण्याचा प्रसंग त्याआधी एकदाच आला होता, आणि ती रक्त काढणारी नर्स होती. यानेही घाईघाईने मोजा ओढून काढला, हात दिला आणि तोंडातून निघून गेलं, "शनिवारी आमच्याकडे चहाला या ना!"

आपल्याकडे असं म्हणतात आणि समोरचा "येऊ की" म्हणून विसरून जातो. ही बाई विसरणाऱ्यातली नव्हती. तिने तिथल्या तिथे वेळ विचारली, पत्ता विचारला आणि "तुमचे मित्रही असतील ना?" असंही विचारलं.

"भरपूर! सगळे महाराष्ट्रीयन. मी सांगेन तसं मत देतात," चारुदत्त म्हणाला. (घरातली दोन माणसं त्याचं ऐकत नव्हती, पण ते गाडी आल्यामुळे सांगायचं राहिलं.)

बाईंचं नाव मिसेस हॉलोवे. कौंटी बोर्डाला, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेला, उभ्या होत्या. त्या देशात खऱ्या निवडणुकीआधी पक्षातल्या पक्षात एक निवडणूक असते, तिला प्रायमरी म्हणतात. म्हणजे आधी घरातल्या घरात भांडून घ्यायचं, मग शेजाऱ्यांशी. बाईंनी स्टेशनवर त्याच्या हातात दिलेल्या पत्रकावर भलामोठा थर्मामीटर काढलेला होता. चर्चच्या सहलीत बटाट्याचं सॅलड खाऊन त्यांचं अख्खं कुटुंब आडवं झालं होतं, तेव्हापासून त्यांनी शिळ्या, कोमट आणि उघड्या अन्नाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं.

चारुदत्तला सॅलडशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता एक फोटो. अमेरिकेला निघताना सांगलीत अण्णा, म्हणजे त्याचे वडील, भर पाहुण्यांत म्हणाले होते, "तिथे तुला कोण विचारतंय?" तेरा वर्षं ते वाक्य त्याच्या छातीत माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. आता अण्णांना पाठवायला फोटो मिळणार होता. निवडणुकीला उभी राहिलेली बाई, तिच्या शेजारी चारुदत्त, दोघांचे हात हातात. खाली काही लिहायचीसुद्धा गरज नव्हती.

शनिवारी दुपारी त्याने पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं आणि त्याला घाम फुटला. दुधाचा कुठलाही पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त फ्रीजबाहेर ठेवू नये, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. त्याने मान वर केली. समोर स्वयंपाकघराच्या नळाला कालपासून चक्का टांगलेला होता. टप… टप… टप… आणि फडकं म्हणाल तर चारुदत्तच्याच लग्नातल्या धोतराचा तुकडा.

"प्रतिमा, हे आधी काढ! बाई येतायत."

"येऊ देत. त्यांच्यासाठीच श्रीखंड करतेय."

"अगं, काल दुपारपासून लटकतंय ते! आणि त्याआधी रात्रभर ते दही ओव्हनमध्ये होतं."

"मग दही काय फ्रीजमध्ये लागतं का? विचारा त्यांना, लागतं का ते."

तेवढ्यात दीपा, त्यांची दहा वर्षांची मुलगी, पत्रक बघून म्हणाली, "डॅड, बॅक्टेरिया डबल एव्हरी ट्वेंटी मिनिट्स. वी लर्न्ड इट इन स्कूल."

"डबल होऊ देत," प्रतिमा म्हणाली. "माणसंही डबल येतायत." आणि ती साडी नेसायला निघून गेली.

आता शहाणा माणूस असता तर त्याने चक्का उचलून फ्रीजमध्ये ठेवला असता. पण फ्रीज बटाटेवड्यांच्या सारणाने आणि कोथिंबिरीच्या जुड्यांनी गच्च भरलेला. शिवाय पाण्याची गळती चालूच. चारुदत्तने ते बोचकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं, वर बाथरूममध्ये नेलं आणि शॉवरच्या पडद्याच्या दांडीला टांगलं. पडदा ओढून घेतला. पाणी टबात, चक्का आडोशाला. खाली पाहुण्यांसाठी वेगळी छोटी बाथरूम होतीच, वर येतंय कोण? स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की, जिना उतरताना त्याने शीळसुद्धा घातली.

चार वाजता दिवाणखाना भरला. गिरीश आणि शोभा आली, शोभाच्या गळ्यात नवा कॅमेरा. विनीता आली, तिचा नवरा अनिल आला, आणखी पाच-सहा जोडपी आली. मिसेस हॉलोवे आल्या आणि प्रत्येकाच्या हातात प्रचाराची भेट म्हणून एकेक स्वयंपाकाचा थर्मामीटर ठेवला.

"चारू, हा कुठे लावायचा रे?" गिरीशने मराठीत विचारलं.

"जिभेखाली ठेव. तेवढा वेळ गप्प बसशील," शोभा म्हणाली.

बाईंनी वड्यांतही थर्मामीटर खुपसून बघितला. वडे कढईतून थेट आलेले, काटा वरच्या टोकाला जाऊन थडकला. बाई खूश. चारुदत्तची छाती फुगली. सारखा तो बाईंच्या डाव्या बाजूला सरकत होता, कारण शोभाचा कॅमेरा उजवीकडे होता. इकडे प्रतिमा मात्र स्वयंपाकघरात कपाटामागून कपाट उघडत होती.

"अहो, जरा इकडे या. माझा चक्का कुठाय?"

"नंतर सांगतो."

"नंतर कधी? साखर फेटायची कशात, तुमच्या डोक्यात?"

आणि नेमकी तेव्हाच मिसेस हॉलोवेंना बाथरूम हवी झाली. खालच्या बाथरूममध्ये गिरीश जाऊन बसलेला. (तो आत गेला की वर्तमानपत्र संपल्याशिवाय बाहेर येत नाही, हे साऱ्या शॉमबर्गला माहीत.) चारुदत्त तोंड उघडेपर्यंत दीपा मोठ्या आतिथ्याने म्हणाली, "यू कॅन यूज द वन अपस्टेअर्स!"

चारुदत्त जिन्याकडे धावला, पण तोवर वरचं दार लागलेलं होतं. आतून आधी काहीच आलं नाही. मग फक्त टप… टप… आणि मग पडदा सरकल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ अशी किंकाळी की, खाली अनिलचा चहा सांडला.

बाई खाली आल्या त्या पांढऱ्याफटक. "तुमच्या शॉवरमध्ये काहीतरी लटकतंय," त्या म्हणाल्या. "आणि ते गळतंय."

सगळ्यांनी चारुदत्तकडे बघितलं. त्याला एकच शब्द सुचला.

"रिलिजस!" तो म्हणाला.

बाईंचा हात लगेच छातीवर गेला. "ओ! आय ॲम सो सॉरी. मला कळायला हवं होतं." त्यांनी डोळे मिटून मान झुकवली. त्यांचं बघून विनीतानेही झुकवली, कशासाठी ते न कळता. चारुदत्तला वाटलं, सुटलो. शोभाला तो खुणावणार, "काढ आता फोटो," एवढ्यात जिन्यावरून प्रतिमा अवतरली. बोचकं दोन्ही हातांत, पदर खोचलेला.

"सापडला! मोरीत टांगला होता या माणसाने!"

तिने सगळ्यांसमोर टेबलावर गाठ सोडली, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "छान आंबट झालाय." मग साखर ओतली, वेलदोडा घातला, केशर घातलं आणि गरगर फेटायला लागली.

मिसेस हॉलोवे बघत राहिल्या. "यू… ईट इट?"

"संपेपर्यंत," शोभा म्हणाली.

बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला आणि श्रीखंडात खुपसला. काट्याने जे दाखवलं ते बघून त्यांचा चेहरा सॅलडच्या दिवसासारखा झाला. "हे फेकायला हवं," त्या हळूच म्हणाल्या.

प्रतिमाचा डाव हवेत थांबला. तिने वाटीभर श्रीखंड घेतलं, वर चमचा ठेवला आणि बाईंपुढे धरलं. तिचा तो चेहरा चारुदत्तला ओळखीचा होता. त्या चेहऱ्यापुढे त्याने स्वतः कारल्याची भाजी दोनदा वाढून घेतलेली होती.

बाईंनी वाटीकडे बघितलं. मग खोलीभर नजर फिरवली. त्या मनातल्या मनात डोकी मोजतायत हे आंधळ्यालाही दिसलं असतं. डोकी भरपूर होती. बाईंनी डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला.

मग डोळे उघडले. मग दुसरा चमचा. वाटी संपली, दुसरी वाटी संपली, तिसरी त्यांनी स्वतः वाढून घेतली. थर्मामीटर श्रीखंडात तसाच उभा होता, तोही त्यांनी चाटून पुसला.

"सो," त्या तृप्त होऊन म्हणाल्या, "तुम्ही सगळे अठरा तारखेला मत द्यायला येताय ना?"

खालच्या बाथरूमचं दार तेव्हा उघडलं. "मत कसलं?" गिरीश पेपराची घडी घालत म्हणाला. "आमचं सगळ्यांचं ग्रीन कार्ड आहे. सिटिझन झालाय तो एकटा चारू."

बाईंचा चमचा तोंडाशीच थांबला. एका मतासाठी तीन वाट्या!

"पण ते मत पक्कं!" चारुदत्त घाईने म्हणाला. "शोभा, फोटो!"

बाई प्रचारातल्या. कॅमेरा दिसताच हसू आपोआप आलं. त्यांनी प्रतिमाला जवळ ओढलं. चारुदत्त डाव्या बाजूला उभा राहिला, पोट आत घेतलं, आणि त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. अगदी फोटोच्या मधोमध त्याच्या लग्नाचं ओलं धोतर पसरलेलं. अण्णा ते काठासकट ओळखतील! तो ते ओढायला वाकला आणि त्याच क्षणी फ्लॅश उडाला. रोलमधला शेवटचा.

अठरा तारखेला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला गेला. टेबलामागे एक म्हातारी विणत बसली होती. "कुठला पक्ष?" तिने विचारलं.

चारुदत्त ताठ झाला. "मॅडम, मतदान गुप्त असतं. आमच्या देशात हे शेंबड्या पोराला माहीत आहे."

"प्रायमरीत पक्ष सांगावाच लागतो, सर. त्याशिवाय मतपत्रिका देता येत नाही."

आता आली पंचाईत. बाईंचा पक्ष कुठला? पत्रकावर तर नुसतं चिन्ह होतं. "थर्मामीटर," तो म्हणाला.

"असा पक्ष नाही, सर."

मागची रांग खाकरायला लागली. शेवटी त्याने हिशेब केला. एक पक्ष हत्तीचा, दुसरा गाढवाचा. शुभकार्य गणपतीच्या तोंडाचं सोडून गाढवाच्या नावाने कोण करतं? त्याने हत्ती मागितला. आत जाऊन मतपत्रिका खालून वर आणि वरून खाली वाचली. मिसेस हॉलोवे गाढवावर होत्या.

बाई पडल्या. पण इतक्या दणक्याने पडल्या की, चारुदत्तच्या दग्याची कुणाला गरजही पडली नाही, आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं. आठवड्याने त्यांचा फोन आला. त्याने माफीची वाक्यं जुळवली, पण बाई म्हणाल्या, "तुम्ही कोण? बरं, जरा प्रतिमाला देता का?" त्यांच्या शॉवरला चक्का टांगलेला होता आणि तो किती वेळ ठेवायचा एवढंच त्यांना विचारायचं होतं.

फोटो धुऊन आला तसा त्याने सांगलीला पाठवून दिला. शेवटी फोटो तो फोटो. महिन्याभराने त्याने ट्रंक कॉल लावला, पलीकडे अण्णा.

"मिळाला का फोटो?" चारुदत्त ओरडला.

"मिळाला! बाई मोठी दिसतेय. सूनबाईने नाव काढलं बघ, सगळ्या गल्लीला दाखवला. फ्रेम करून घेतली."

"आणि मी, अण्णा?"

"तू होतास होय तिथे? कडेला कुणाचं तरी कोपर आलं होतं. फ्रेमवाल्याला म्हटलं, तेवढं कापून टाक."