चाळीस यार्डांवरचा गठ्ठा

"दोष हरणाचा नाही, धनुष्याचाही नाही," मांस-बटाटे भरलेल्या पास्टीवर सॉस ओतत वेंडेल म्हणाला. "दोष अंतराचा आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," त्याची बायको मार्लिस म्हणाली. "खा आधी, गार होतेय."

वेंडेल आमच्या गावात शाळेची बस चालवतो. एवढं मोठं धूड तो बर्फातून बोटभर जागेत वळवेल, पण समोरचं हरीण तीस यार्डांवर आहे की चाळीस, असं विचारलं की संपलं. आणि आमच्या शिकारीच्या कॅम्पात चुकीला माफी नाही. बाण हुकला, की संध्याकाळी सगळ्यांच्या देखत त्या माणसाच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव लिहायचं आणि लाकडी भिंतीला खिळ्याने ठोकायचं, ही इकडची जुनी रीत. एक जण सोडला, तर आमच्यातला कुणीच तिच्यातून सुटलेला नाही. पण वेंडेलच्या शर्टांची शेपटं इतकी जमली होती, की शिवली असती तर एक गोधडी झाली असती.

यंदा मात्र प्रश्न शेपटापुरता नव्हता. कॅम्प त्याच्या सासऱ्याचा, म्हाताऱ्या रेइनोचा. जुन्या सफरचंदाच्या बागेशेजारी थोरल्या मेपलवर रेइनोचं मचाण होतं, कॅम्पातलं सगळ्यात मानाचं. आता त्याचे गुडघे शिडी चढायला तयार नव्हते. म्हणून त्याने सांगून टाकलं होतं, यंदा ज्याचा नेम लागेल त्याला मचाण. मुलगा आणि जावई, दोघांचाही लागला तर मुलाला. मुलगा म्हणजे ड्वेन, मार्लिसचा भाऊ. शर्टाचं शेपूट कधीच कापलं न गेलेला कॅम्पातला हा एकटाच, आणि ही गोष्ट तो जेवताना, सॉनाच्या वाफेत बसल्यावर आणि लोकांच्या मयतीलासुद्धा सांगायचा. वेंडेलला ते मचाण हवं होतं. अगदी पोटातून हवं होतं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, तरी कॅम्पात त्याला सगळे अजून पाहुणाच समजत.

म्हणून त्याने लेसरचं अंतरमापक घ्यायचं ठरवलं. डोळ्याला लावायचं, बटण दाबायचं, आतल्या आत आकडा उमटतो.

"घे की," मार्लिस म्हणाली. "पण वॉशिंग मशीन दुरुस्त करून जे उरेल त्यातच."

मशीनवाल्याने फारसं काही उरू दिलं नाही. वेंडेलचा सगळा उन्हाळा मग तुलना करण्यात गेला. नामांकित कंपनीचं घ्यावं तर त्याला जेमतेम खोकं परवडत होतं. एक स्वस्त होतं, पण पावसाचा थेंब पडला की मान टाकायचं. गोल्फवाल्यांचं एक बरं मिळत होतं, पण ते मध्ये फांदी आली की हरीण सोडून फांदीचंच अंतर सांगतं म्हणे, आणि आमच्या जंगलात फांद्यांना काय तोटा? मग त्याचं मन हजार यार्ड मोजणाऱ्या एका यंत्रावर बसलं.

"तुझा बाण चाळीसच्या पुढे जात नाही. हजार काय करायचेत?" मार्लिसने विचारलं.

"असावेत जवळ."

शेवटी त्याने कधी नावही न ऐकलेल्या कंपनीचं मागवलं. शिकार, गोल्फ, होडी, इमारत, सगळ्याला चालेल असं खोक्यावर छापलं होतं. सोबतच्या कागदावर 'आदरणीय शिकारी, बटण प्रेमाने दाबावे' एवढी एकच ओळ समजेल अशी होती.

नवल म्हणजे यंत्र चोख निघालं. वेंडेल दिसेल ते मोजू लागला. टपालपेटी झाली, शेजाऱ्याचा कुत्रा झाला, सोफ्यावर बसून फ्रीज झाला. रविवारी ते कोटाच्या खिशातून चर्चमध्ये गेलं. पाद्रीबाबा वाट चुकलेल्या मेंढरावर बोलत होते, आणि ते मेंढरू शेवटच्या बाकावरून पाद्रीबाबांचंच अंतर मोजत होतं. यंत्र 'पीं' करून ओरडलं. अख्ख्या चर्चने माना वळवल्या.

"ते आत्ताच्या आत्ता मुकं कर," गाडीपाशी येताच मार्लिस दात आवळून म्हणाली. "नाहीतर मी करते. चाकाखाली घालून."

वेंडेलने दोन्ही बटणं आधी प्रेमाने दाबली, मग रागाने, मग दोन्ही एकदम. 'पीं' बंद झालं. आतल्या आकड्याच्या कोपऱ्यातलं एक बारीक अक्षरही बदललं, पण वेंडेलचा चष्मा मार्लिसच्या पर्समध्ये होता, आणि ती पर्स त्या घडीला मागण्यासारखी नव्हती.

मोसमाच्या आदल्या दुपारी आम्ही कॅम्पात जमलो. ओसरीपासून चाळीस यार्डांवर गवताचा एक गठ्ठा असतो. ती जागा रेइनोच्या वडिलांनी पावलं टाकून ठरवलेली. त्यावर बाण मारून सगळ्यांनी आपापल्या धनुष्यावरच्या, वेगवेगळ्या अंतरांसाठीच्या नेमाच्या खुणा जुळवायच्या, हा रिवाज. वेंडेलने सहज म्हणून यंत्र डोळ्याला लावलं.

"छत्तीस," तो म्हणाला.

"काय छत्तीस?" ड्वेनने विचारलं.

"यार्ड. हा गठ्ठा चाळीसवर नाहीच आहे."

"दाजी, आजोबांनी मोजलंय ते! स्वतः चालून!"

"आजोबांचे पाय आखूड असतील. हे लेसर आहे बाबा, त्याला कुणाची भीड नाही."

आम्ही सगळ्यांनी बिअर हातात धरून रेइनोकडे पाहिलं. म्हाताऱ्याने यंत्र घेतलं, डोळ्याला लावलं, बराच वेळ आत पाहत राहिला. मग "हं" म्हणाला आणि परत दिलं.

"लेसर म्हणतंय तर सरकवा."

सरकवला. आकडा चाळीस होईपर्यंत मागे ढकलत नेला. मग आम्ही मोठ्या भक्तिभावाने नव्या जागेवर बाण मारले आणि सगळ्यांच्या खुणा नव्याने जुळवल्या. "काय हो, इतकी वर्षं आपण चुकीचेच मारत होतो!" असं आम्ही एकमेकांना सांगितलं. वाडवडिलांची चूक सापडली की माणसाला किती आनंद होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझाच चेहरा खिडकीच्या काचेत दिसत होता.

दुसऱ्या दिवशी कात्रीला उसंत मिळाली नाही. पहिला शर्ट माझा. बाण हरणाच्या पाठीवरून सूं करत गेला, आणि हरणाने वर पाहिलं, वीज कुठे पडली म्हणून. माझ्यामागोमाग बाकीचेही मान खाली घालून आले. सगळ्यांचे बाण पाठीवरूनच गेलेले. सगळ्यात शेवटी ड्वेन आला.

"वारा होता," तो म्हणाला.

"पान हलत नव्हतं रे," मी म्हणालो.

"वर होता वारा. तुम्ही खाली होता."

त्याचं शेपूट कापताना कात्री धरायला आमच्यात भांडणं झाली.

आणि वेंडेल? त्याने यंत्रात पाहिलं, एकतीस आलं, तीसच्या खुणेने बाण सोडला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हरीण आडवं होतं. रेइनोने सगळ्यांसमोर त्याच्या हातात हात दिला. "जावईबापू, मचाण तुझं." वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं. ड्वेन त्या रात्री एक अक्षर बोलला नाही.

घरी गेल्यावर वेंडेल मार्लिसला परसात घेऊन गेला. "बघ, यंत्राचा चमत्कार. तुझं हे कुंपण, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सेहेचाळीस यार्ड."

"पन्नास."

"लेसर आहे गं."

"आणि मी तार विकत आणलीय. दीडशे फुटांचं भेंडोळं, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत बरोब्बर पुरलं. दे इकडे." मार्लिसने चष्मा लावून आत पाहिलं. "हा 'एम' कसला?"

"मॉडेलचा असेल."

"मीटरचा आहे, शहाण्या!"

वेंडेल पायरीवर मटकन बसला. मीटर यार्डापेक्षा लांब. म्हणजे गठ्ठा गेला चाळीसच्या पुढे. सगळ्यांची धनुष्यं जुळली लांबच्या अंतराला. बाकीच्यांनी जंगलात अंतर जोखलं नेहमीसारखं नजरेने, यार्डात, म्हणून त्यांचे बाण उंचावरून गेले. एकट्या वेंडेलचं यंत्रही मीटरमध्ये चुकलेलं आणि धनुष्यही मीटरमध्ये चुकलेलं, म्हणून हरीण बरोबर मेलं.

"बाबांना सांगून टाक," मार्लिस म्हणाली.

"मचाण जाईल गं माझं."

"जाऊ दे. चोरून घेतलेल्या मचाणावर झोप लागेल का तुला?"

रेइनो मागच्या अंगणात सॉनासाठी लाकडं रचत होता. वेंडेल टोपी काढून उभा राहिला.

"बाबा, मचाण ड्वेनला द्या. ते यंत्र मीटरमध्ये होतं. माझ्यामुळे सगळ्यांचे शर्ट गेले."

"माहितीये."

"माहितीये?"

"सैन्यात होतो तेव्हा जर्मनीत दोन हिवाळे काढलेत मी. 'एम' मला वाचता येतो."

"मग बोलला का नाहीत तेव्हाच?"

"ड्वेनचा नेम चुकत नाही हे ऐकून ऐकून कान किटले होते माझे. पोटचा पोरगा आहे, कानफटात तरी किती मारणार?" म्हाताऱ्याने एक ओंडका नीट बसवला. "परवा कितीतरी वर्षांनी शांतपणे जेवलो. मचाण तूच घे."

वेंडेलला हुंदकाच यायचा बाकी होता. "पण बाबा, कॅम्पातली सगळ्यात चांगली जागा..."

"कोण म्हणतं? ती सफरचंदाची झाडं वठल्यापासून तिकडे ससासुद्धा फिरकत नाही."

"अहो, पण तुम्ही तर दरवर्षी येऊन सांगायचात, आलं होतं, लहान होतं म्हणून सोडलं!"

"मग काय सांगू? झोपलो होतो म्हणून सांगू? घरी तुझी सासू घटकाभर पडू देते का मला?" रेइनोने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "वर जाताना उशी घेऊन जा. ती फळी पाठीला फार टोचते."