कारखाना वाढवला

माणसाला मरायला एक निमित्त पुरते. संस्थेला मरायला तीन प्रती लागतात. आणि त्या प्रतींतला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर संस्था मेल्यावरही वर्षानुवर्षे भरभराटीत राहते. मुठा गावचा ‘भिवाजी शेती अवजारे’ हा कारखाना असाच चिरंजीव झाला.

तो भिवाजीरावांनी १९७१ साली काढला. तिथे पायाने चालवायचे भातमळणीचे यंत्र तयार होई. यंत्र मोठे गुणी होते. ते पेंढ्यापासून भात वेगळे करी आणि भातापासून मालक वेगळा करी, कारण दाणे उडून थेट शेजाऱ्याच्या खळ्यात पडत. सहा वर्षांत एकेचाळीस यंत्रे खपली. (पैकी सव्वीस शेजाऱ्यांनी आग्रह करकरून घ्यायला लावली.) कामगार एकच, फकरुद्दीन फिटर. त्याचा हात इतका साफ होता, की यंत्राचे दाणे रोज नेमके त्याच खळ्यात पडत.

१९७७ साली भिवाजीराव गेले. तेरावा उरकल्यावर त्यांच्या पत्नी चंद्राबाईंनी कारखान्याला कुलूप घातले आणि पुण्याच्या सरकारी अवजार कक्षाला कळवायला बसल्या. बाई नेमधर्माच्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, सोमवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, आणि या सगळ्यांवर अभद्र शब्द तोंडात न आणण्याचे व्रत. त्यांच्या घरात नारळ फुटत नसे, दिवा विझत नसे, बांगडी पिचत नसे. सारे वाढत असे. त्यांनी लिहिले, “मालकांना देवाज्ञा झाली. सबब कारखाना वाढवला आहे. नोंद व्हावी.”

नोंद झाली. उत्तरही आले. “कारखाना वाढवल्याबद्दल अभिनंदन. ज्या आज्ञेन्वये वाढवला, तिची एक प्रत जोडावी.”

प्रत मिळण्याजोगी नव्हती. तरी कक्षाने मन मोठे केले, पुढच्या वर्षाला अठरा कामगार धरले आणि त्यानंतर दरवर्षी दहा टक्के वाढ धरली. (घट धरण्याची तरतूद नव्हती.) १९८० साली कारखान्यात बावीस कामगार झाले. १९८१ साली फकरुद्दीनला मुख्य फोरमन नेमण्यात आले. त्या दिवशी तो आपल्या दारात बसून शेजारच्या रंभाबाईच्या विळ्याला मूठ बसवत होता, त्यामुळे त्याला ते कळले नाही.

कळले ते १९८२ साली. पिरंगुटला एका नव्या कारखान्यात फिटर हवा होता. वय पस्तिशीच्या आत पाहिजे आणि आधीचा कारखाना बंद पडल्याचा कागद पाहिजे. फकरुद्दीनची पस्तिशी तीन आठवड्यांवर आली होती. तो कागदासाठी पुण्याला गेला, तेव्हा कारकुनाने फाइल उघडली आणि उठून नमस्कार केला. म्हणाला, “एवढी भरभराट सोडून कुठं निघालात, फोरमनसाहेब?”

देवाची करणी अशी, की त्याच आठवड्यात कक्षाने या कारखान्याचा इतिहास लिहायला घेतला आणि एक संशोधन अधिकारी मुठ्याला आले. फकरुद्दीनला हायसे वाटले. कुलूप तरी खोटे बोलणार नव्हते. अधिकाऱ्यांनी ते पाहिले, हलवून पाहिले, ‘मजबूत’ असे टिपले आणि मग पारावरच्या गेणबांकडे वळले.

“कारखान्याचं काय झालं?”

“वाढवला की!”

“किती वाढवला?”

“किती म्हंजी? समदा.”

“आणि पुढे?”

“आता फुडं काय ऱ्हायलंय वाढवायला?”

‘वाढीची परिसीमा,’ अधिकाऱ्यांनी लिहिले. (त्यांच्या घरीही देवापुढचा दिवा वाढवलाच जाई. पण ते घरी. तक्त्यात ‘वाढ’ असा रकाना होता, कुलपाचा नव्हता.)

“सायेब, आवो वाढवला म्हंजी बंद!” फकरुद्दीन कळवळून म्हणाला.

“मग तसं लेखी द्या. मालकांच्या सहीनं.”

तो तसाच चंद्राबाईंकडे गेला. “काकी, एकच शबूद लिवा. बंद.”

“ते सोडून काय बी सांग, फकरू.”

“मग चालू न्हाई असं लिवा.”

“त्यात ‘न्हाई’ हाय. सकाळच्या पारी ‘न्हाई’ म्हणायचं न्हाई, असा माझा नेम हाय.”

“मी दुपारी येतो.”

दुपारी तो आला आणि उंबऱ्याशी बसला. म्हणाला, “काकी, विळ्यांना मुठी बसवून हाताचं कसब चाललं. ह्या हातानं काकांची एकेचाळीस यंत्रं जोडली.”

बाईंचे डोळे भरले. त्यांनी देवापुढे निरांजन लावले, क्षमा मागितली, आणि पाच वर्षांत प्रथमच तो शब्द कागदावर उतरवला. दोष आपल्या माथी नको, देवालाही खरे काय ते कळावे, म्हणून प्रामाणिकपणे चार शब्द जास्त घातले. “फकरुद्दीन फिटर याच्या सांगण्यावरून कारखाना बंद.”

कक्षाने या वेळी विलक्षण तत्परता दाखवली. आठव्या दिवशी इतिहास छापून आला. शेवटचा परिच्छेद असा: “पाच वर्षे अखंड वाढत असलेला हा कारखाना फकरुद्दीन नामक फोरमनने पुकारलेल्या बंदमुळे इतिहासजमा झाला. बंद संपूर्ण शांततेत पार पडला. तेव्हा कारखान्यात कोणीही नव्हते.”

एक प्रत पिरंगुटला गेली. तिथल्या साहेबांनी ती वाचली आणि असल्या पुढाऱ्याला फाटकातूनच नमस्कार करून परत पाठवले. चार दिवसांनी पस्तिशी उलटली.

फकरुद्दीन चंद्राबाईंकडे आला, तेव्हा त्या तुळशीला पाणी घालत होत्या. त्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, “मी म्हनलं हुतं का न्हाई, त्यो शबूदच वंगाळ हाय!”

“आज सकाळीच ‘न्हाई’ म्हनला, काकी,” फकरुद्दीन म्हणाला, आणि विळे घेऊन बसला.

आता ही कथाही इथेच वाढवू. हे वाचून ज्यांनी पुढची पाने शोधायला पान उलटले, त्यांनी अवजार कक्षाकडे अर्ज करावा. तिथे जागा आहेत. फिटरच्या सोडून.