आधी खोट, मग खंजीर

आमच्या शेजारच्या गोपीनानांकडे खंजीर विकत घ्यायला आलेल्या माणसाला पाणी नंतर मिळतं; आधी खंजिराची खोट ऐकावी लागते. तो बिचारा अजून चपला काढत असतो आणि नाना ओटीवरून सुरू होतात, "टोक मोडल्यालं हाय. म्यान दुसऱ्याच हत्याराचं हाय. मुठीचा एक खिळा माज्या हातचा. आता बसा."

खंजीर मात्र अस्सल. नानांचा आजा पलटणीत होता, त्याने तो पहिल्या महायुद्धात बसऱ्याहून आणला. पात्यावरचा फौजेचा शिक्का अजून वाचता येतो. नानांचा मुलगा माणगावला असतो. त्याने मोबाइलवर फोटो टाकून जाहिरात दिली आणि जुनी हत्यारं जमवणारी मंडळी आमच्या दिवेआगरला येऊ लागली. बाकीचे इथे समुद्र बघायला येतात, हे गंज बघायला.

"गंज न्हाय वैनी, काळा थर हाय तो," नाना मला दटावतात. "घासला की खंजिराची विळी झाली." एकाने शिक्का उजळायला चिंच मागितली, तर नानांनी त्याला चहासुद्धा न पाजता वाटेला लावलं.

ही पारख ते सगळ्या जगाला लावतात. माझ्या भाचीला बघायला आलेल्या मुलाला न्याहाळून म्हणाले, "पातं बरं हाय, मूठ ढिली वाटते." लग्न झालं, मूठ खरोखरच ढिली निघाली. भाची घट्ट आहे म्हणून चाललंय.

गिऱ्हाइकाचं जेवण माझ्या खानावळीत, आणि सोबत नानाही जेवतात. वादळात त्यांची नारळाची वाडी आडवी झाली, पाठोपाठ त्यांची बायको, आमच्या काकी, गेल्या. तेव्हापासून एरवी हा माणूस चुलीपाशी उभ्यानेच दोन घास पोटात ढकलतो. गिऱ्हाईक आलं की मात्र मांडी घालून बसतो आणि सोलकढी मागून मागून पितो. मी एकदा विचारलंच, "नाना, खंजीर विकायचाय की नाही?"

"इकला तर माज्या ओटीवर कोन येल वैनी? नारळ बघाया?"

मला फार वाईट वाटलं. खोट ऐकून गिऱ्हाईक परत गेलं की मीही मनातल्या मनात देवाला नारळ फोडू लागले.

मग पुण्याचे एक साहेब आले. निवृत्त, पांढऱ्या मिशांचे, खिशात भिंग. नानांनी सांगितलेली सगळी खोट त्यांनी मान हलवत ऐकली, भिंग लावलं आणि शांतपणे आणखी एक सांगितली, "धार एका बाजूला दगडावर लावलेली आहे."

नाना उसळले. "आमच्या खंजिराला नावं ठेवू नका हां!"

"नावं कुठे ठेवतोय? आपल्याच मालाच्या एवढ्या खोटी खरेपणाने सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी घेतो."

नानांचा चेहरा पडला. जेवताना त्यांनी सोलकढीला हात लावला नाही. ओटीवर परत येऊन त्यांनी पात्याला तेल चोळलं, खंजीर धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि साहेबांपुढे धरला, पण त्यांच्या हाताची मूठ काही सुटेना.

"तेल कोन लावनार याला?" नानांनी विचारलं.

"मीच."

"घरात आनखी कोन हाय?"

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "मी आणि भिंतीवरची हत्यारं."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग फडकं सोडून त्यांनी खंजीर परत खुंटीला अडकवला. "मंग घरात गप बसनारं आनखी एक कशाला नेता? याला बघाया हितंच येत जा. तेल दोगं मिळून लावू."

मला वाटलं, साहेब आता चिडणार. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "वहिनी, सोलकढी उरलीय का?"

आता ते वरचेवर येतात. परवा मुंबईचं नवीन गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी कुंपणाशी वाल निवडत होते. तो चपला काढतोय तोवर ओटीवरून आवाज आला, "टोक मोडलेलं आहे. म्यान दुसऱ्याच हत्याराचं आहे." आवाज साहेबांचा होता. नाना पाहुण्यासाठी पाणी आणायला आत गेले होते.