सोपानतात्यांचा क्लच

सोपानतात्या अख्ख्या गावाला 'बे' म्हणत आणि ट्रॅक्टरला 'तुमी'. सोसायटीचे चेअरमन समोर आले तरी, "काय बे, कावून आलास?" आणि लगेच त्या जुन्या लाल ट्रॅक्टरकडे वळून, "बसा तुमी निवांत, ह्याचं बघतो मी." चप्पल काढल्याशिवाय ते ट्रॅक्टरवर पाय ठेवत नसत.

धारूरच्या डोंगरावरचं आमचं गाव, आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. गावानं सहकारी सोसायटी काढली तेव्हा हा ट्रॅक्टर आला. तोही कुणीतरी भरपूर वापरून टाकलेला. त्याचे ड्रायव्हर तात्या. पुढं सोसायटी नावापुरती उरली. तात्यांची बायको वारली, मुलगा पुण्याला गेला. राहिले ते दोघं, तात्या आणि ट्रॅक्टर.

एका वर्षी दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या. घाटाखालच्या एका विहिरीला तेवढं पाणी होतं, म्हणून तात्या रोज ट्रॅक्टरला टाकी जोडून पाणी वर आणत. एके दिवशी भरली टाकी घेऊन येताना चढावर इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. चाकं जागची हलेनात. मग ट्रॅक्टर हळूहळू मागं यायला लागला.

"असं करू नका हो!" तात्या ओरडले. "बाया घागरी घेऊन बसल्यात तिकडं!"

रस्त्यावरच्या माणसांनी चाकांमागं दगड लावले म्हणून टाकी दरीत गेली नाही. तात्या खाली उतरले आणि म्हणाले, "क्लच सरकतोय ह्यांचा."

चावडीपुढच्या लिंबाखाली ट्रॅक्टर ओढून आणला. क्लचची प्लेट बघायची तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकडे करावे लागतात. त्याला माणसं लागतात. पण हातीपायी धड माणसं ऊसतोडीला गेलेली. गावात मागं राहिलेली म्हातारी मंडळी काठ्या टेकत जमली. तात्यांनी प्रत्येकाला काम दिलं. कुणाला पाना धरायला, कुणाला जॅकवर नजर ठेवायला. गुणाजीबाबांना दिसत नव्हतं, त्यांच्या मांडीवर नटांचा डबा दिला.

"सांभाळ बे. एक जरी हरवला तर तुझी काठी तोडून बसवीन तिथं."

पहिल्यांदा ट्रॅक्टर जोडला तेव्हा एक नट उरला. "कंपनीनं जास्तीचाच दिलता," असं सांगून तात्यांनी तो खिशात टाकला. क्लच सरकतच राहिला. पुन्हा खोलला तेव्हा कळलं, इंजिनचं ऑईल झिरपून प्लेटवर येतंय. सील बदललं. प्लेट परळीला नेऊन नवं अस्तर मारून आणलं. तेवढ्यात घाटाखालची विहीरही आटली. मग सरकारी टँकर सुरू झाला आणि ट्रॅक्टर कधी होतो म्हणून विचारायला बाया यायच्या बंद झाल्या.

चेअरमन म्हणाले, "तात्या, क्लच धरला की विकून टाकू. परळीचा एक व्यापारी तयार हाय. चालता पाहिजे म्हणतो."

त्यानंतर एका सकाळी मी एस.टी.साठी फाट्यावर उभा होतो. खालून ट्रॅक्टर आला. अख्खा घाट त्यानं न कुरकुरता चढला. तात्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणत होते, "लई झाक! लई झाक चढलात!"

संध्याकाळी परत आलो तर लिंबाखाली मंडळी जमलेली आणि तात्या सांगत होते, "सरकतोय बे अजून. खोला."

गुणाजीबाबांनी डब्यासाठी हात पुढं केले.

मी तात्यांना बाजूला घेतलं. "तात्या, सकाळी तर..."

"तू शाळा बघ बे मास्तर," ते म्हणाले आणि माझ्याकडं न बघता पाना पुसत राहिले.

शेवटी चेअरमन थांबेनात. ट्रॅक्टर जोडायला लावून त्यांनी व्यापाऱ्याला बोलावून घेतलं. चढावर चालवून दाखवायचं ठरलं. तात्या अनवाणी पायांनी वर चढून बसले. चढाच्या मध्यावर इंजिन बोंबललं, ट्रॅक्टर अडला, जळकट वास सुटला. मी बाजूला उभा होतो. तात्यांचा डावा पाय क्लचवर होता. प्लेट सरकावी म्हणून त्यांनी तो मुद्दाम अर्धा दाबून धरला होता. डोळे घट्ट मिटलेले होते.

"ऐकत न्हाईत हे," ते चेअरमनना म्हणाले.

व्यापाऱ्यानं नाक दाबलं. "असला चालता म्हणून कोण घेतंय? तोडायला नेतो. भंगाराच्या भावानं द्या."

तात्यांनी डोळे उघडले. "थांब बे. थांब. येकदा परत बघ." त्यांनी गिअर टाकला आणि क्लचवरून पाय अलगद उचलला. इंजिन ओरडलं. चाकं हलली नाहीत. प्लेट जळून गेली होती.

"चला ना," तात्या खाली वाकून म्हणत होते. "चला हो. पाय काढलाय मी. खरंच काढलाय."

चेअरमन व्यापाऱ्याला होकार देऊन गावाकडं चालू लागले.

ट्रॅक्टर ट्रकमध्ये चढवला तेव्हा तात्या आले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पाहिलं, तर म्हातारी मंडळी सवयीनं लिंबाखाली आलेली. जमिनीवर ऑईलचा काळा डाग होता, त्याच्याभोवती बसलेली. कुणाला घरी जाऊन तरी काय करायचं होतं?

तेवढ्यात तात्या आपली सायकल ढकलत आले. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना तिच्यावरून जाताना पाहिलं होतं. सायकल चांगली पळत होती. त्यांनी ती उलटी उभी केली आणि पाना काढला.

"हिला काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"आवाज करतीय," तात्या म्हणाले. "सरका बे जरा, जागा द्या."

चाकं सुटी झाली, चेन उतरली, पॅडलं निघाली. पाने या हातातून त्या हातात फिरू लागले. त्या दिवशी दुपारचा टँकर आलाच नाही. तरी चौकशीला लिंबाखालून कुणी उठलं नाही.