आवाज होत नाही, ही तक्रार

खालच्या मजल्यावरचा माणूस वर भांडायला येतो तो आवाज होतो म्हणून. सगळीकडे हीच रीत असावी. आमच्या खाली राहणारे पंचनदराव मात्र आवाज होत नाही म्हणून भांडायला येतात.

"काय पा कुलकर्णी, घरांत तिघं आहां ना? मग आवाज कां येईना?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझीच काहीतरी समजुतीची चूक होतेय. पुण्यात पंधरा वर्षं खालच्या बाईंची बोलणी खाल्लेला माणूस मी. बदली होऊन चेन्नईला आल्या आल्या मी सगळ्या खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या घातल्या. कपाटांच्या दारांना फोम चिकटवला. सईला, म्हणजे माझ्या मुलीला, टाचा न आपटता चालायला लावलं. आणि त्याचं हे फळ! जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्यानं हा गृहस्थ खालून आमची जमीन ठोकायचा. ठोकूनही वर काही हालचाल झाली नाही, की पाच मिनिटांत दारात हजर.

पंचनदराव तंजावरकडचे. घराणं कित्येक पिढ्या तमिळ मुलखात, त्यामुळे त्यांचं मराठी जुन्या दप्तरातून उठून आल्यासारखं, वर तमिळ शिंपडलेलं. वय पंचाहत्तरच्या पुढे. डिसेंबर लागला की माकडटोपी, तिच्यावर मफलर, कानांत कापूस. आणि डोक्यावर पंखा मात्र पूर्ण वेगात.

"हिवाळ्यांत मन गोठतं, पा. घरच्यांस खेळवलं पाहिजे."

ज्या गावात खोबरेल तेल गोठत नाही तिथे मन काय गोठणार, असं मी मनात म्हणायचो आणि हसायचो. पण कबूल करतो, आमच्या घरातलं गोठलेलंच होतं. ही बढती मी घरात न विचारता घेतली होती. इथल्या गिंडी भागातल्या ऑफिसात मला केबिन मिळाली; माझ्या बायकोची, मेधाची, अठरा वर्षांची शाळेतली नोकरी गेली, ऐन नववीत सईच्या मैत्रिणी सुटल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या गप्प झाल्या. तेव्हा "आवाज कां येईना?" हा प्रश्न मला का झोंबायचा, हे तुमच्या लक्षात येईल.

त्यात डिसेंबरातला तो पाऊस. रस्त्यावर गुडघाभर पाणी, शाळा बंद, आम्ही तिघं तीन कोपऱ्यांत तीन फोन घेऊन. पंचनदरावांना रान मोकळं मिळालं.

पहिल्या दिवशी आले ते भेंड्या लावायला. स्वतःच 'म' दिला, स्वतःच गायले, स्वतःच चिडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, लपंडाव खेळा. दोन खोल्यांच्या घरात! मी बाल्कनीच्या दाराआड उभा राहिलो, मला शोधायलाच कोणी आलं नाही. अर्ध्या तासानं राव आले आणि म्हणाले, "अजून इथेंच? मुलीस ओरडायला सांगा! लपंडाव म्हणजे काय मौनव्रत?"

आमचे फोन पाहिले की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "ही मुक्यांची पंगत कसली, पा?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन लांबट पितळी फासे आणले. तीन अंगांना एक, दोन, तीन ठिपके आणि चौथं अंग कोरं, हातात घोळवून जमिनीवर सोडायचे. वाकता येत नव्हतं तरी गुडघे टेकून त्यांनी आमच्या हॉलमध्ये खडूनं पट आखला. "दायम पडलं, म्हणजे एक, तरच सोंगटी बाहेर. तोंवर सगळे घरांतच कोंडलेले. समजलं? टाका! उंचावरून टाका! देवास फूल वाहतां काय?"

मेधानं एकदा टाकले. सईनं एकदा. कोणालाच एक पडला नाही. तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन आला आणि खेळ तिथेच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळपासून तीनदा दांडा वाजला. तिसऱ्यांदा ते दारात आले आणि म्हणाले, "काय माणूस तुम्ही! तुमच्या घरांत हसायचीही चोरी?"

मेधा आणि सई आतल्या खोलीत कानांत इअरफोन घालून बसल्या होत्या. माझा तोल गेला. मी म्हणालो, "माझ्या घरात मी हसेन नाहीतर बसून राहीन! तुम्हाला काय करायचंय? आधी स्वतःच्या घरात हसा, मग दुसऱ्यांना शिकवा!"

रावांनी मफलर नीट केला. चपला घातल्या, उजवी डाव्या पायात, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. मी ओल्या फडक्यानं खडूचा पट पुसून टाकला. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल.

पुढे चार दिवस खालून दांडा वाजला नाही. रविवारी दुपारी मेधा म्हणाली, "त्यांचे फासे राहिलेत. नेऊन द्या." कित्येक दिवसांत आपणहून माझ्याशी बोललेली ती पहिली दोन वाक्यं.

खालचं दार उघडंच होतं. आमच्या हॉलच्या बरोबर खाली त्यांचा हॉल, आणि त्यात पंख्याखाली एक खाट. खाटेवर अंबुजाबाई, रावांची पत्नी. बाई आजारी असतात एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आठ महिन्यांत मी कधी चौकशीसुद्धा केली नव्हती.

"वरचे कुलकर्णी ना?" त्या छताकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "पावलं ओळखलीं. यावं, बसावं. काल पुन्हा हरलांत म्हणे?"

फासे हातात तसेच धरून मी खुर्चीत टेकलो.

"राव सांगत होते. रोज तुम्हीच हरतां, आणि हरलं कीं सगळ्यांस बज्जी तळून घालतां. बायको तुमची हसून हसून खालीं बसली म्हणे. मुलगी लबाडी करते, पण तुम्ही बघून न बघितल्यासारखं करतां. चांगलं मन आहे हो तुमचं."

स्वयंपाकघराच्या दारात पंचनदराव उभे होते. माकडटोपी काढून हातात धरलेली. डिसेंबर लागल्यापासून टोपीशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होतो. डोकं केवढंसं दिसत होतं.

"पण मला एक सांगा," अंबुजाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वर तुमच्या आधीच्या बिऱ्हाडांत चार मुलं होतीं. त्यांचे फासे वाजले कीं कोणतं दान पडलं तें मी खालून सांगत असें. तुम्ही एवढे खेळतां, हसतां, आणि मला कांहींच कां येईना ऐकूं? डोळे तर गेलेच. आतां कानही चालले कीं काय, हीच भीति बसली आहे."

राव माझ्याकडे पाहत होते. त्या बघण्यात राग होताच, तो त्यांचा कधी जात नाही. पण त्या रागाखाली काय होतं ते मला चार दिवसांपूर्वी दिसायला हवं होतं.

"तुमचे कान चांगले आहेत, बाई," मी म्हणालो. "आम्हीच फासे जपून टाकतो. खाली त्रास नको म्हणून."

"अय्यो!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की मी दचकलो. "जपून? फासे जपून टाकायला तीं काय अंडीं आहेत?"

दाराशी मी रावांची क्षमा मागायला लागलो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "फासे परत कां आणले? मीं मागितले होते?" म्हणून माझ्यावरच डाफरले आणि दार लावून घेतलं.

वर येऊन मी मेधाला आणि सईला सगळं सांगितलं. रावांना काय बोललो होतो तेही सांगितलं. ते मी तोवर लपवलं होतं. मेधा खाली बसली आणि खुर्चीच्या पायाची रबरी टोपी ओढून काढायला लागली. एक निघाली, दुसरी निघाली. सईनं फोन उघडला. तिनं त्या पटाचा फोटो काढून ठेवला होता. तो बघत तिनं नवा पट आखला.

"बाबा, तुम्ही आधी."

मला तीन पडले. मेधाचे दोन्ही फासे कोरे पडले, म्हणजे बारा, पण बाराचा तेव्हा काय उपयोग! वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघंही घरातच कोंडलेले. मग सईला एक पडला आणि ती अशी काही किंचाळली, की मेधा हसली. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही.

दारावरची घंटा वाजली. पंचनदराव, टोपी आणि मफलरासकट, धापा टाकत.

"काय पा हें! पटाशेजारीं सतरंजी कां अंथरली आहे? फासे तिच्यावर जातात! मुलीची किंकाळी तेवढी ऐकूं आली, दान कुठें कळलं?"

मी सतरंजी गुंडाळली. ते दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि मागे न बघता म्हणाले, "आणि हरायचं तुम्हींच. बज्जी केळ्याची. मी तिला आधींच सांगून बसलोंय."